कॅमेऱ्याच्या पोटातली काच: क्लिप-इन फिल्टर पक्का कसा बसवायचा

थंडी सुरू झाली आणि मृग नक्षत्र संध्याकाळीच पूर्वेला दिसू लागलं, की आकाशाचे फोटो काढायला नव्याने लागलेली मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात. "तो फिल्टर कॅमेऱ्याच्या आत बसवायचा म्हणे. पण आतल्या आत निसटून पडला तर?"

तो म्हणजे क्लिप-इन फिल्टर, लेन्सच्या मागे कॅमेऱ्याच्या आत दाबून बसवायची, नको तो रंग अडवणारी काच. ही भीती रास्त आहे, कारण माझ्या बाबतीत नेमकं तेच झालं होतं. दोन हिवाळ्यांपूर्वी जुन्नरजवळच्या एका शेतावर आम्ही चौघं होतो. मृग जवळजवळ डोक्यावर आला होता आणि कॅमेरा ठरलेल्या वेळाने आपोआप फोटो घेत होता. चाळिसाव्या फोटोच्या आसपास आरशाच्या नेहमीच्या 'खटाक्'पाठोपाठ काच टेकल्यासारखा बारीक 'टिक्' असा आवाज आला. पडद्यावर बिघाडाचा संदेश आणि फोटो बंद. लाल बॅटरीच्या उजेडात लेन्स काढली तर फिल्टरची एक कड जागेवर होती, दुसरी आत घसरून आरशावर टेकली होती आणि आरसा अर्ध्यात अडकला होता. आरसा वाचला, फिल्टरच्या लेपावर मात्र केसाएवढी रेघ उमटली. ती आजही आहे. फिल्टर मी तिथेच, अंधारात, अंगठ्याने दाबून बसवला होता. तो सगळीकडून बसलाय का, हे पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून या विषयावर जे वाचलं, तपासलं आणि हाताने करून पाहिलं, ते इथे पहिल्यापासून सांगतो.

## मुळात हा फिल्टर कशासाठी?

रात्रीच्या आकाशात दोन प्रकारचा उजेड मिसळलेला असतो. एक आपल्याला हवा असलेला, म्हणजे तेजोमेघांचा. तेजोमेघ म्हणजे अवकाशातले वायूचे आणि धुळीचे प्रचंड ढग. दुसरा नको असलेला, म्हणजे गावा-शहरांतल्या दिव्यांचा, जो हवेतल्या धुळीवर आणि बाष्पावर विखरून परत आपल्याकडे येतो.

सुदैवाने तेजोमेघांमधला तापलेला वायू सगळ्या रंगांत चमकत नाही. तो ठरावीक रंगांतच चमकतो. हायड्रोजनचा गडद लाल प्रकाश ६५६.३ नॅनोमीटरवर असतो, ऑक्सिजनचा हिरवट-निळा ५००.७ वर. (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. प्रकाशाचा रंग या मापात सांगतात.) रस्त्यावरच्या जुन्या पिवळ्या सोडियम दिव्यांचा प्रकाश ५८९च्या आसपास असतो. रंग वेगळे आहेत म्हणजे चाळता येतात. रव्यातून पीठ चाळावं तसा फिल्टर हवा तो रंग जाऊ देतो आणि बाकीचा अडवतो.

"पण फोटोतला पिवळेपणा नंतर संगणकावर काढता येतोच की," असं कुणी म्हणेल. रंग काढता येतो, खरखर काढता येत नाही. दिव्यांच्या उजेडाबरोबर आलेले ठिपके-ठिपके त्या उजेडाची सरासरी वजा केल्यावरही मागे राहतातच. वरातीच्या बँडमध्ये कुणी बासरी वाजवत असेल, तर नंतर आवाज कितीही कमी-जास्त केला तरी बासरी स्वच्छ ऐकू येत नाही. बँड आधीच थांबवलेला बरा.

आणखी एक गोष्ट माहीत असलेली बरी. दुकानातल्या साध्या कॅमेऱ्यात सेन्सरसमोर, म्हणजे फोटो टिपणाऱ्या पट्टीसमोर, आधीच एक फिल्टर असतो. दिवसाच्या फोटोत माणसाचा रंग खरा यावा म्हणून तो हायड्रोजनच्या लाल प्रकाशाचा मोठा भाग अडवतो. म्हणूनच काही कंपन्यांनी खास आकाशासाठी कॅमेरे काढले. कॅननचे २०डीए (२००५), ६०डीए (२०१२) आणि ईओएस आरए (२०१९), निकॉनचा डी८१०ए (२०१५). आरएच्या वेळी कॅननने सांगितलं होतं की साध्या कॅमेऱ्याच्या तुलनेत हा लाल प्रकाश जवळपास चौपट आत येतो. बरेच हौशी लोक जुन्या कॅमेऱ्यातला तो फिल्टर काढून घेतात. कॅमेरा तसा बदललेला नसेल तर क्लिप-इन फिल्टर लावूनही लाल तेजोमेघ फिकाच येणार, हे विकत घेण्याआधी लक्षात असू द्या.

## लेन्सच्या पुढे लावायचा फिल्टर का नको?

पुढे लावता येतो, पण तीन अडचणी येतात. प्रत्येक लेन्सचा पुढचा व्यास वेगळा, म्हणून प्रत्येकीसाठी वेगळा फिल्टर लागतो. १४ मिलिमीटरसारख्या रुंद लेन्सची (मिलिमीटरचा आकडा लहान, तितका आकाशाचा मोठा भाग चौकटीत येतो) पुढची काच डोळ्याच्या बुबुळासारखी बाहेर आलेली असते, तिच्यावर फिल्टर फिरवून बसवायला आटेच नसतात. तिसरी अडचण जरा आतली आहे. हे फिल्टर म्हणजे काचेवरचे अतिशय पातळ थर. प्रकाश त्यांवर तिरपा पडला की त्यांचा 'पास' होणारा रंग निळ्याच्या दिशेने सरकतो. रुंद लेन्समध्ये चौकटीच्या कडांचा प्रकाश फारच तिरपा येतो. मग मधे लाल तेजोमेघ दिसतो आणि कोपऱ्यांत नाहीसा होतो.

लेन्सच्या मागे, कॅमेऱ्याच्या आत, हा तिरपेपणा बहुधा बराच कमी असतो. शिवाय एकच फिल्टर बहुतेक लेन्सना आणि दुर्बिणीलाही चालतो. म्हणून क्लिप-इन.

मात्र तिरपेपणा शून्य होत नाही. लेन्स एफ/२ इतकी उघडी ठेवली (एफचा आकडा लहान, तितकं लेन्सचं तोंड जास्त उघडं) तर कडेचे किरण सुमारे १४ अंशांनी येतात आणि लाल रंगाची खिडकी, म्हणजे फिल्टर जाऊ देतो तो रंगाचा पट्टा, चार-पाच नॅनोमीटर सरकते. तुमच्या फिल्टरची खिडकीच सहा नॅनोमीटर रुंद असेल तर बराचसा हायड्रोजन बाहेरच राहील. अशा फिल्टरबरोबर मी लेन्स एफ/४ला ठेवतो.

## तो नेमका कुठे बसतो?

इथे थोडी मापं हवीत. लेन्स जिथे कॅमेऱ्याला टेकते तिथपासून सेन्सरपर्यंतचं अंतर प्रत्येक कंपनीचं ठरलेलं असतं. आरशाच्या कॅमेऱ्यांत, म्हणजे डीएसएलआरमध्ये, ते मोठं: कॅनन ईएफमध्ये ४४ मिलिमीटर, निकॉन एफमध्ये ४६.५. बिनआरशाच्या कॅमेऱ्यांत, म्हणजे मिररलेसमध्ये, ते निम्म्याहून कमी: कॅनन आरएफमध्ये २०, सोनी ई-माउंटमध्ये १८, निकॉन झेडमध्ये १६.

लहान सेन्सरच्या कॅनन डीएसएलआरमध्ये फिल्टर लेन्सच्या तोंडाशी, आरशाच्या पुढे बसतो. मागे आरसा मोकळा वरखाली होतो. फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या डीएसएलआरचा आरसा मोठा, तो फिरताना जास्त जागा घेतो. त्यामुळे काही बनावटींत आरसा वर करून फिल्टर त्याच्या मागे, शटरपाशी बसवतात आणि मग आरसा वरच राहतो. मिररलेसमध्ये आरशाची भानगड नाही, पण फिल्टर शटरच्या अगदी समोर येतो. शटरची पाती कागदासारखी पातळ असतात. बोटाचा हलका धक्काही त्यांना पुरतो.

म्हणजे तिन्ही प्रकारांत फिल्टरच्या मागे कॅमेऱ्यातला सर्वांत नाजूक भाग असतो. आता कॅमेरा आकाशाकडे वळवा. लेन्स वर, सेन्सर खाली. फिल्टरचं सगळं वजन आता आतल्या बाजूला ओढतंय. दिवसा टेबलावर आडव्या कॅमेऱ्यात तो छान बसलेला दिसतो आणि रात्री मृग डोक्यावर आला की घसरतो, त्याचं कारण हे. त्यात डीएसएलआर असेल तर प्रत्येक फोटोला आरसा आपटतो. रात्रीतून शंभर-दोनशे धक्के होतात.

आणखी एक पाहायचं, लेन्सची मागची बाजू. कॅननच्या ईएफ-एस लेन्स २००३ पासून खास लहान सेन्सरसाठी आल्या. त्यांचा मागचा भाग कॅमेऱ्याच्या आत शिरतो, म्हणून लेन्सच्या तोंडाशी बसणाऱ्या क्लिप-इन फिल्टरबरोबर त्या चालत नाहीत. ईएफ लेन्स चालतात. दुर्बिणीला जोडायची कडीही चालते. मिररलेसच्या काही लेन्सची मागची काच खूप आत येते. नवी लेन्स लावताना ती सहज फिरत नसेल, कुठेतरी अडतेय असं वाटलं, तर तिथेच थांबा. जोर लावू नका.

## घट्ट म्हणजे किती घट्ट?

कुकरची रिंग आठवा. ती झाकणात दाबून बसते, पण चेपलेली नसते. एका जागी जरी वर उचललेली राहिली तरी शिट्टी होत नाही, वाफ बाजूने जाते. रिंग बसली का, हे घरातल्या बाईमाणसांना, बाप्यांना, ज्या कुणी रोज कुकर लावलाय त्यांना बोट फिरवून कळतं. फिल्टरचं तसंच आहे. त्याच्या चौकटीला बाजूने पातळ पत्र्याच्या कडा किंवा स्प्रिंग असतात. त्या कॅमेऱ्याच्या भिंतींवर दाब देतात, आणि त्या दाबाच्या घर्षणावरच फिल्टर उभा असतो. तिथे ना स्क्रू असतो, ना गोंद.

म्हणून 'जितका घट्ट तितका चांगला' हे इथे खोटं आहे. जास्त घट्ट चौकट आत ढकलायला जोर लागतो, आणि तो जोर अचानक सुटला की अंगठा थेट आरशावर किंवा शटरवर जातो. काढताना तीच चौकट रुतून बसते आणि माणूस पेचकसाकडे हात नेतो. चौकट दोन बोटांच्या हलक्या दाबाने बसावी, आणि बसल्यावर कॅमेरा उलटा धरून हलवला तरी जरासुद्धा वाजू नये, इतपत घट्टपणा पुरे.

"थंडीने धातू आकसतो, म्हणून रात्री फिल्टर सैल होतो" असंही ऐकायला मिळतं. हिशेब करून पाहा. चाळीस मिलिमीटरची अॅल्युमिनियमची चौकट तापमान वीस अंशांनी उतरल्यावर सुमारे ०.०१८ मिलिमीटर आकसते. कॅमेऱ्याच्या आतला मॅग्नेशियमचा किंवा प्लास्टिकचा सांगाडाही तेवढा किंवा त्याहून थोडा जास्तच आकसतो. म्हणजे झालाच तर फिल्टर किंचित आवळला जाईल. आपल्याकडच्या थंडीला दोष देण्यात अर्थ नाही. सैल बसलेला फिल्टर पहिल्यापासूनच सैल असतो.

## घरी, दिवसा, टेबलावर

माझा एकच आग्रह आहे. फिल्टर शेतात बसवू नका. घरून निघण्याआधी, दिवसाच्या उजेडात बसवा.

पंखा बंद करा. टेबलावर स्वच्छ टॉवेल दुमडून ठेवा, काही निसटलं तर त्यावर पडेल. बॅटरी पूर्ण भरलेली हवी. आरसा वर करून बसवायचा फिल्टर असेल तर हे विसरून चालणारच नाही, कारण सेन्सर स्वच्छ करायच्या सोयीने आरसा वर धरलेला असताना बॅटरी संपली तर तो खाली येतो, थेट फिल्टरवर. मिररलेसमध्ये बसवताना शटर उघडं असावं की मिटलेलं, हे त्या त्या कॅमेऱ्यावर आणि चौकटीवर ठरतं. फिल्टरबरोबरच्या कागदावर लिहिलेलं असतं, आणि तो कागद आधी वाचायचा असतो.

रबरी फुग्याने कॅमेऱ्याच्या तोंडात हवा मारा, तोंड खाली धरून. मग कॅमेरा पाठीवर ठेवा. फिल्टर फक्त कडेने धरा. आधी एक बाजू तिच्या खाचेत टेकवा, मग समोरची बाजू हळूच दाबत न्या. स्टीलच्या डब्याचं घट्ट झाकण आपण एका कडेने सुरू करून दुसरीकडे संपवतो, तसंच. मधे काचेवर कधीच दाब द्यायचा नाही. लेन्स आणि कॅमेरा बोलतात त्या सोनेरी पिनांना चौकट टेकत नाही ना, हे बघा.

आता बॅटरीचा उजेड बाजूने, तिरपा टाका. चौकट आणि कॅमेऱ्याची भिंत यांमधली फट सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. एका कोपऱ्यात सावली जाड दिसली तर तो कोपरा बसलेला नाही. जुन्नरला मी हे केलं असतं तर ती रेघ उमटली नसती.

पुढची परीक्षा टॉवेलवर. कॅमेरा तोंड खाली करून टॉवेलच्या चार बोटं वर धरा आणि बाजूने तळव्याने हलकेच टकटक करा. मग तोंड वर करून तसंच. खडखड ऐकू आली तर फिल्टर रात्रीसाठी तयार नाही. काही आवाज नसेल तर लेन्स न लावता पाच-सहा फोटो घ्या, एखादा अर्ध्या मिनिटाचा. आरशाचा किंवा शटरचा आवाज रोजच्यासारखाच आला पाहिजे. त्यानंतर लेन्स लावा. लेन्स फिरताना काही घासल्यासारखं वाटतंय का, ते कानाने आणि हाताने दोन्हींनी तपासा.

शेवटी एका पांढऱ्या भिंतीचा किंवा एकसारख्या आभाळाचा फोटो घेऊन ठेवा. चारही कोपरे सारखे काळवंडलेले हवेत. हा फोटो जपा. रात्र संपल्यावर तसाच दुसरा घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवा. सावल्या सरकल्या असतील तर फिल्टर रात्रीतून हलला.

## खडखडला तर?

गोंद, च्युइंगम, रबराची पुट्टी यांपैकी काहीही नको. साधी चिकटपट्टीही नको. उन्हात गाडीत ठेवलेल्या कॅमेऱ्यात तिचा गोंद पाघळतो आणि आत पसरतो. उष्णता सहन करणारी तपकिरी पॉलिइमाइड पट्टी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते. ती फार पातळ असते. तिचा बारीक तुकडा चौकटीच्या फक्त बाहेरच्या कडेला लावा. समोरासमोरच्या दोन कडांना सारखा लावा, नाहीतर फिल्टर एका बाजूला सरकेल. बहुतेक वेळा एक थर पुरतो.

चौकटीला वाकणाऱ्या पट्ट्या असतील तर त्या किंचित बाहेर वाकवता येतात. कॅमेऱ्याच्या बाहेर, काच सांभाळून, केसाएवढ्या. पुन्हा पुन्हा वाकवली की पत्र्याची ताकद जाते, म्हणून मला पट्टीचा उपाय जास्त आवडतो.

थ्रीडी छपाईची चौकट करून तिच्यात गोल फिल्टर बसवणारेही आहेत. कल्पना चांगली आहे. मला काळजी वाटते ती प्लास्टिकच्या भुग्याची. अशा चौकटीच्या कडा घासून गुळगुळीत केल्या नाहीत तर प्रत्येक वेळी बसवताना-काढताना बारीक कण सेन्सरवर पडतात. आणि साधं प्लास्टिक उन्हातल्या गाडीत मऊ पडून वाकतं.

## थोडा तिरका बसला तर काय बिघडतं?

फोटोच्या एका कोपऱ्यात तारे लांबट दिसले की सगळे फिल्टरकडे बोट दाखवतात. बऱ्याचदा हा आरोप चुकीचा असतो. एक मिलिमीटर जाडीची, दोन्ही बाजूंनी समांतर काच एखाद्या अंशाने कलली तर ताऱ्यांचा आकार डोळ्यांना दिसेल इतका बिघडत नाही. लांबट ताऱ्यांचं कारण बहुधा लेन्समध्ये किंवा दुर्बिणीच्या जोडणीत असतं. फिल्टर काढून तोच फोटो घ्या, लगेच कळेल.

तिरक्या फिल्टरचे खरे त्रास वेगळे. पहिला, भुताटकीचं वलय. रात्री खिडकीच्या काचेत घरातला दिवा दिसतो तसा तेजस्वी ताऱ्याचा प्रकाश सेन्सरवरून उलटून फिल्टरवर जातो आणि तिथून परत सेन्सरवर येतो. ताऱ्याभोवती फिकट चकती दिसते. फिल्टर सरळ असेल तर ती चकती ताऱ्याभोवती साधारण नीट बसते आणि संगणकावर तिच्याशी निभावून नेता येतं. फिल्टर सेन्सरपुढे १० मिलिमीटरवर आहे आणि एक अंश कलला आहे असं धरा, मग ती चकती सुमारे ०.३५ मिलिमीटर बाजूला पडते. सेन्सरवर ते ऐंशीहून जास्त पिक्सेल होतात. मृगाच्या त्रिकांडातल्या तिन्ही ताऱ्यांच्या बाजूला एकेक फिकट चकती पाहिली की मी आधी फिल्टरच बघतो.

दुसरा त्रास फिल्टर रात्रीतून हलण्याचा. तो एक अंशाने कलला तर सगळं चित्र सेन्सरवर ०.००६ मिलिमीटर, म्हणजे दीडेक पिक्सेल सरकतं. फोटो चालू असताना हे घडलं तर त्या फोटोतले तारे किंचित लांबट होतात. आणि फ्लॅट जुळत नाहीत. फ्लॅट म्हणजे एकसारख्या उजेडाचे फोटो, ज्यांच्या मदतीने कडांचा काळवंडपणा आणि धुळीच्या सावल्या नंतर वजा करता येतात. धूळ फिल्टरवरही असते. फिल्टर १० मिलिमीटरवर आणि लेन्स एफ/४ला असेल तर फिल्टरवरच्या कणाची सावली सुमारे अडीच मिलिमीटरची पडते. मिररलेसमध्ये फिल्टर सेन्सरच्या जवळ, म्हणून सावली लहान आणि गडद. फिल्टर हलला की सावली एका जागी आणि तिचा फ्लॅट दुसऱ्या जागी.

## फोकस का सरकतो?

फिल्टर बसवल्यावर बऱ्याच जणांना वाटतं की लेन्स बिघडली. अनंतावर ठेवलेली लेन्स तारे धूसर दाखवते.

बादलीच्या तळाशी नाणं टाकलं तर ते वर आल्यासारखं दिसतं ना? पाणी प्रकाशाची वाट बदलतं, म्हणून खोली पाऊणच भासते. काचही तेच करते, थोडं जास्त. लेन्समधून एकत्र येत असलेले किरण काचेतून जाताना कमी तिरपे होतात आणि एकत्र यायला त्यांना अंतर जास्त लागतं. किती? काचेच्या जाडीच्या सुमारे एक-तृतीयांश. एक मिलिमीटरच्या फिल्टरने फोकस ०.३३ मिलिमीटर मागे जातो.

ही तूट भरून काढायला लेन्स तेवढीच पुढे न्यायची, म्हणजे कडीवर जवळच्या आकड्याकडे फिरवायची. साध्या हिशेबाने ५० मिलिमीटरच्या लेन्सवर तारे साडेसात मीटरच्या खुणेपाशी स्पष्ट होतील, २४ मिलिमीटरवर पावणेदोन मीटरपाशी, १४ मिलिमीटरवर चक्क ६० सेंटिमीटरपाशी! १३५ किंवा २०० मिलिमीटरच्या लेन्सवर मात्र हा फरक अनंताच्या खुणेला चिकटूनच असतो. आतल्या काचा हलवून फोकस करणाऱ्या लेन्समध्ये हे आकडे बदलतात, दिशा तीच राहते. तेव्हा फिल्टर बसवल्यावर खुणेवर विसंबू नका. कॅमेऱ्याच्या पडद्यावर व्याधासारखा ठळक तारा दहापट मोठा करून फोकस करा.

याचा एक तोटा खरा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. फार रुंद लेन्सच्या आतल्या काचा दूरच्या वस्तूसाठी एका मांडणीत असतात, जवळच्यासाठी दुसऱ्या. आपण तारे टिपताना तिला जवळच्या मांडणीत ढकलतो, म्हणून कोपऱ्यांतले तारे पाखराच्या पंखांसारखे पसरतात. १४ मिलिमीटरला मी क्लिप-इन फिल्टर लावत नाही. ३५पासून पुढे निर्धास्त लावतो.

दुर्बिणीवरही हाच एक-तृतीयांशाचा नियम आहे. चित्र सपाट करणाऱ्या काचेपासून सेन्सर ५५ मिलिमीटरवर हवा असेल (कॅनन ईएफचे ४४ आणि जोडकडीचे ११ मिळून ते होतात), तर एक मिलिमीटरच्या फिल्टरसाठी ०.३३ची पातळ चकती वाढवावी.

## सगळीकडे एलईडी आले, आता फिल्टरचा उपयोग काय?

हा सध्याचा सर्वांत योग्य आक्षेप. सोडियमचे पिवळे दिवे एकाच रंगाच्या आसपास जळायचे, म्हणून त्यांना चाळून काढणं सोपं होतं. पांढरा एलईडी निळ्यापासून लालपर्यंत सगळीकडे थोडा थोडा पसरलेला असतो. 'शहरी दिव्यांचा फिल्टर' म्हणून मिळणारे रुंद खिडकीचे फिल्टर त्याच्यापुढे कमी पडतात, हे मी पुण्याच्या गच्चीवरून पाहिलंय.

अरुंद खिडकीचे, फक्त हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे रंग सोडणारे फिल्टर मात्र अजूनही उत्तम चालतात. पण फक्त चमकणाऱ्या वायूसाठी. मृगातला मोठा तेजोमेघ, त्याच्याभोवतीची बार्नार्डची लाल कमान, हंसातला उत्तर अमेरिका तेजोमेघ, ही त्यांची कामं. कृत्तिकांभोवतीचा निळा धूसरपणा ही धुळीवर विखुरलेली ताऱ्यांचीच प्रभा आहे, ती सगळ्या रंगांत असते. देवयानी दीर्घिकेचा उजेडही तसाच. अरुंद फिल्टर ती मारूनच टाकतो. त्यांच्यासाठी फिल्टर काढून ठेवा आणि अंधार शोधा. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४मध्ये 'डार्क स्काय पार्क'चा मान मिळाला, देशात पहिलाच. तिथल्या आकाशाची बरोबरी कुठलीही काच करू शकत नाही.

## काढताना

पहाटे थकलेला माणूस घाई करतो, आणि बसवताना झालं नाही ते नुकसान काढताना होतं. आधी फ्लॅट घ्या. फिल्टर, लेन्स, फोकस, काही हलवण्याआधी. मग कॅमेरा तसाच, फिल्टरसकट, तोंड बाजूला राहील असा पिशवीत ठेवा, वर नको. काढायचं काम घरी टेबलावर. थंडीतून आणलेला कॅमेरा तासभर पिशवीतच बंद राहू द्या, नाहीतर काचेवर दव धरतं आणि ओल्या कडा बोटांना निसटतात.

फिल्टर बाहेर ओढण्यासाठी चौकटीला जी खाच किंवा कड दिली असेल ती नखाने किंवा प्लास्टिकच्या चिमट्याने धरा. लोखंडी काही आत घालू नका. एक बाजू मोकळी झाली की दुसरी आपोआप सुटते. फिल्टर त्याच्या डबीत, डबीत सिलिका जेलची पुडी. पावसाळ्याचे चार महिने ती पुडी दर काही आठवड्यांनी बदलतो, कारण आपल्या हवेत काचेच्या लेपावर बुरशी धरायला वेळ लागत नाही. माझा रेघ उमटलेला फिल्टर अजून त्याच डबीत आहे. तिरप्या उजेडात धरला की ती रेघ दिसते, फोटोत दिसत नाही. येत्या अमावास्येला तोच लावणार आहे, दुपारी, टेबलावर.